पाण्यातलं नायट्रेट: अहवाल वाचण्यापासून उपायापर्यंत

एका सार्वजनिक नळयोजनेचा तपासणी अहवाल वाचायला माझ्याकडे आला होता. नायट्रेटच्या ओळीत आकडा होता १२.५, पुढच्या रकान्यात मर्यादा ४५ आणि शेवटी शेरा, ‘पिण्यास योग्य’. वरवर पाहता सगळं ठीक होतं. पण तपासणीच्या पद्धतीखाली बारीक अक्षरांत ‘नायट्रेट-नायट्रोजन’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे प्रयोगशाळेने नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजला होता आणि अहवाल तयार करणाऱ्याने तो आकडा पूर्ण नायट्रेटच्या मर्यादेशेजारी बसवला होता. १२.५ ला ४.४३ ने गुणलं की ५५ होतात. ते पाणी योग्य नव्हतं. त्याच पाण्यात दुधाची पावडर कालवून तान्ह्या बाळांना पाजली जात होती, हे आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

नायट्रेट म्हणजे नायट्रोजन आणि प्राणवायू यांचं पाण्यात विरघळणारं संयुग. त्याला रंग नाही, वास नाही आणि पिण्याच्या पाण्यात सापडतं तेवढ्या प्रमाणात चवही कळत नाही. पाणी लिटरला ५ मिलिग्रॅम नायट्रेटचं असो की १५० चं, पेल्यात दोन्ही सारखीच नितळ दिसतात. त्यामुळे अहवालातला आकडा हा इथे आपला एकमेव डोळा आहे. तो कसा मागायचा, कसा वाचायचा आणि जास्त निघाला तर कोणत्या क्रमाने काय करायचं, ते पुढे सांगतो.

पहिलं काम: आकडा आणि त्याचं एकक

पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेकडे लेखी मागा: गेल्या दोन वर्षांतले नायट्रेट आणि नायट्राइटचे (नायट्रेटपासून बनणाऱ्या त्याच्या भावंडाचे) सगळे निकाल, प्रत्येक निकालाची तारीख, नमुना कुठून घेतला ते ठिकाण आणि एकक. ‘सगळे’ हा शब्द सोडू नका, कारण सरासरी देऊन वाटेला लावण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. समजा चार तिमाहींचे आकडे ३०, ३५, ३० आणि ८५ असे आहेत. सरासरी येते ४५. कागदावर योजना काठावर का होईना, उत्तीर्ण झाली. पण ८५ च्या त्या आठवड्यांत बाळाने प्यायलेलं पाणी ८५ चंच होतं. तान्ह्या बाळाला नायट्रेटची बाधा काही दिवसांतही होऊ शकते, म्हणून इथे सर्वांत मोठा आकडा महत्त्वाचा, सरासरी नव्हे.

आता एकक. नायट्रेट दोन तऱ्हांनी लिहितात. एक पूर्ण नायट्रेट म्हणून, दुसरं त्यातला फक्त नायट्रोजन म्हणून. नायट्रेटचा रेणुभार ६२, त्यातल्या नायट्रोजनचा १४; म्हणून नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की नायट्रेटचा आकडा मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट आहे, युरोपीय संघाचीही तीच. भारतीय मानक आणि कॅनडाची मर्यादा ४५. अमेरिकेची मर्यादा १० आहे, पण ती नायट्रोजन म्हणून, म्हणजे नायट्रेटच्या भाषेत सुमारे ४४. सगळे देश जवळपास एकाच रेषेवर उभे आहेत, फक्त मोजपट्ट्या दोन आहेत. भारतीय मानकातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो: काही घटकांना, दुसरा स्रोतच नसेल तर, थोडी सवलत दिलेली आहे, नायट्रेटला ती सवलत नाही.

अहवालात मर्यादेच्या रकान्यात १० असेल तर आकडा बहुधा नायट्रोजनचा असतो, ४५ किंवा ५० असेल तर नायट्रेटचा. पण वरच्या अहवालात नेमका तो रकानाच फसवा होता. तेव्हा प्रयोगशाळेला फोन करून सरळ विचारा, ‘हा आकडा नायट्रेट म्हणून आहे की नायट्रोजन म्हणून?’ आणि मिळालेलं उत्तर अहवालावर तारखेसह लिहून ठेवा. पीपीएम लिहिलं असेल तर गोंधळू नका, पाण्याच्या बाबतीत ते आणि मिलिग्रॅम प्रति लिटर एकच.

नायट्राइटकडे स्वतंत्र पाहावं लागतं, कारण अपाय करतं ते खरं तेच. जागतिक आरोग्य संघटनेची त्याची मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे. दोन्ही एकत्र असतील तर नायट्रेटला ५० ने भागा, नायट्राइटला ३ ने भागा आणि बेरीज करा. ती १ च्या वर जाता कामा नये. नायट्रेट ४० आणि नायट्राइट १ असेल तर ०.८ अधिक ०.३३, म्हणजे १.१३. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही मर्यादेत, एकत्र पाहिले तर बाहेर.

धोका कुणाला आणि का

१९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉमली यांनी दोन तान्ह्या बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. बाळं निळी पडत होती आणि त्यांचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवलेलं होतं. त्या पाण्यात नायट्रेट भरपूर होतं. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अशा २७८ बाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या पाण्याचा आकडा माहीत होता, त्यांतलं एकही बाळ नायट्रोजन १० पेक्षा कमी असलेल्या पाण्याने आजारी पडलेलं नव्हतं. अमेरिकेतली १० ची मर्यादा तिथून आली.

शरीरात काय घडतं? तोंडातले आणि पोटातले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह अशा अवस्थेत नेतं की त्याला प्राणवायू धरता येत नाही. अशा हिमोग्लोबिनला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. मोठ्या माणसाच्या रक्तातलं एक विकर (एन्झाइम) त्याची सतत दुरुस्ती करत असतं. सहा महिन्यांखालच्या, आणि त्यातही तीन महिन्यांखालच्या बाळात ते विकर अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. त्याच्या पोटात आम्ल कमी असतं, त्यामुळे नायट्रेटवर जगणारे जिवाणू तिथे सहज वाढतात. जन्मापासून अंगात असलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिनही लवकर बिघडतं. त्यात जुलाब लागलेले असले तर परिस्थिती आणखी नाजूक होते.

शिवाय वजनाचं गणित आहे. ५० मिलिग्रॅमच्या पाण्यात कालवलेलं दूध पिणारं पाच किलोचं बाळ दिवसाला पाऊण लिटर पाणी पोटात घेतं, म्हणजे किलोमागे ७.५ मिलिग्रॅम नायट्रेट. तेच पाणी दोन लिटर पिणाऱ्या साठ किलोच्या माणसाला किलोमागे १.७ पडतं. एकाच नळाचं पाणी, पण बाळावर चौपटीहून जास्त भार.

बाळाचे ओठ, नखं, तोंडाभोवतीची कातडी राखाडी-निळसर दिसू लागली, ते मलूल झालं किंवा धापा टाकू लागलं, तर घरी काहीही करून पाहू नका, तडक दवाखान्यात न्या. सोबत घरातलं पाणी बाटलीत न्या आणि दूध कोणत्या पाण्यात कालवलं ते डॉक्टरांना आपणहून सांगा. हे सांगणं खरंच उपयोगी पडतं: बोटाला लावायचं प्राणवायू मोजणारं यंत्र या विकारात फसतं. प्राणवायू देऊनही ते ८५ टक्क्यांच्या आसपास अडकून राहतं. काढलेलं रक्त चॉकलेटी तपकिरी दिसतं आणि हवेत ठेवूनही लाल होत नाही. तीव्र बाधेत मिथिलीन ब्लू शिरेतून देतात. मात्र जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना ते चालत नाही, म्हणून ते काम रुग्णालयाचंच.

मोठ्यांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पोटात गेलेलं नायट्रेट किंवा नायट्राइट, शरीरात नायट्रोसो संयुगं (नायट्राइटपासून बनणारी, कर्करोगाशी जोडली जाणारी रसायनं) तयार होतील अशा परिस्थितीत, ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे. डेन्मार्कमध्ये सुमारे २७ लाख प्रौढांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मर्यादेच्या बऱ्याच खालच्या नायट्रेटशीही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा संबंध दिसला. एका अभ्यासाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मर्यादा बाळांच्या तीव्र विकारावरून ठरलेली आहे, आयुष्यभर थोडं थोडं पिण्यावरून नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. म्हणून ४४ वर समाधान मानू नये, असं माझं ठाम मत आहे.

पालक, बीट अशा भाज्यांतही नायट्रेट भरपूर असतं, मग पाण्याचा एवढा बाऊ कशाला, असं काहीजण विचारतात. भाजीसोबत क जीवनसत्त्व येतं आणि ते नायट्रोसो संयुगं तयार होण्याला अडवतं. पाण्यासोबत काहीच येत नाही. आणि तीन महिन्यांचं बाळ भाजी खात नाही.

नमुना घेणं

सार्वजनिक आकड्यांवर भरवसा नसेल किंवा पाणी स्वतःच्या विहिरीचं, बोअरचं असेल, तर स्वतः तपासून घ्या. चांगली प्रयोगशाळाही वाईट नमुन्यातून खरा आकडा काढू शकत नाही, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या आणि ‘नायट्रेटसाठी हवी आहे’ असं स्पष्ट सांगा. धातूंच्या तपासणीच्या बाटल्यांत नायट्रिक आम्ल टाकलेलं असतं. अशा बाटलीत नायट्रेटचा नमुना भरला की तपासणी कशाची होणार? आम्लातल्या नायट्रेटचीच. अवास्तव मोठे आकडे येण्यामागे कधीकधी एवढंच कारण असतं.

बोअर असेल तर पंप आधी चालू ठेवा, पाइपमधलं शिळं पाणी जाऊ द्या. नळ असेल तर दोन-तीन मिनिटं धार सोडा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग भरा. भरताना झाकण जमिनीवर ठेवू नका, बोट आत घालू नका. बाटलीवर तारीख, वेळ, ठिकाण, पंप किती वेळ चालू होता आणि गेल्या आठवड्यात पाऊस झाला का, हे लिहा. बर्फात ठेवून, अंधारात, शक्यतो त्याच दिवशी पोहोचवा. तपासणी ४८ तासांच्या आत व्हायला हवी. उशीर आणि ऊब मिळाली की जिवाणू बाटलीतच नायट्रेट खातात किंवा अमोनियाचं नायट्रेट करतात आणि आकडा हलतो. टिकवण्यासाठी गंधकाम्ल टाकलेल्या बाटलीत नमुना जास्त दिवस राहतो, पण मग नायट्रेट आणि नायट्राइट वेगळे कळत नाहीत, एकत्र बेरीज मिळते.

मी एक गोष्ट नेहमी करतो: एकाच वेळी भरलेल्या दोन बाटल्या वेगवेगळ्या खुणांनी पाठवतो. दोन्ही आकडे जवळजवळ आले तर प्रयोगशाळेवर विश्वास बसतो. ५२ आणि ३१ आले तर एकही खरा मानू नये.

नमुने तीन जागांहून घ्या: स्रोत, शुद्धीकरणानंतर आणि जाळ्याच्या अगदी टोकाचा नळ. टोकाचा नळ नायट्राइटसाठी. जिथे क्लोरामीनने (क्लोरीन आणि अमोनियाच्या संयुगाने) निर्जंतुकीकरण करतात, तिथे पाणी टाकीत आणि बंद टोकांत साचून राहिलं की जिवाणू अमोनियापासून नायट्राइट बनवतात. केंद्रातून निघताना ते नसतं, घरी पोहोचेपर्यंत असतं.

वेळही महत्त्वाची. जमिनीच्या वरच्या थरात साठलेलं नायट्रेट पहिल्या जोरदार पावसांनी खाली ढकललं जातं, त्यामुळे उथळ विहिरींचे आकडे पावसानंतर एकदम उडी घेतात. कोरड्या दिवसांत एकदा आणि पाऊस मुरल्यावर एकदा, अशा वर्षातून किमान दोन तपासण्या हव्यात. आकडा मर्यादेच्या निम्म्याला पोहोचला की दर तिमाहीला. अमेरिकेतल्या सार्वजनिक योजनांनाही निम्म्या आकड्यानंतर तिमाही तपासणीचा नियम लागू होतो, आणि तो नियम मला फार शहाणा वाटतो.

रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात. चाळणी म्हणून त्या चांगल्या, निकाल म्हणून नाहीत. डबीवरची मुदत पाहा, कोरड्या हाताने पट्टी काढा, सांगितलेल्या सेकंदांनीच आणि दिवसाच्या उजेडात रंग जुळवा. रंग मर्यादेच्या आसपास आला तर प्रयोगशाळेत जा. इथेही डबीवरचा तक्ता नायट्रेटचा आहे की नायट्रोजनचा, ते आधी वाचा. काहींवर दोन्ही ओळी असतात.

टीडीएस मीटरने नायट्रेट कळत नाही. तो सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा ढोबळ अंदाज देतो. ४०० च्या टीडीएसमध्ये नायट्रेट ५ असू शकतं किंवा ९०, मीटर दोन्हींत ४००च दाखवेल.

आकडा जास्त आला: त्याच दिवशी काय करायचं

घरात सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर आधी त्याचं पाणी बदला. आई अंगावर पाजत असेल तर ते चालू ठेवा. आईने प्यायलेलं नायट्रेट दुधात साठत नाही. पावडरचं दूध असेल तर ते नायट्रेट कमी असल्याची खात्री असलेल्या, जंतुमुक्त पाण्यातच कालवा. खात्री म्हणजे त्या पाण्याचाही आकडा. नायट्रेट टाळायच्या घाईत कुठलंही गढूळ पाणी आणून बाळाला जुलाब लावून घेणं हे आगीतून फुफाट्यात पडणं आहे. गरोदर बायांनी आणि जी-सिक्स-पीडी किंवा मेथहिमोग्लोबिनचा जन्मजात विकार असलेल्यांनीही पर्यायी पाणी वापरावं.

उकळणं थांबवा. खरं तर नीट समजून उकळा. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जसंच्या तसं राहतं आणि वाफ गेल्यामुळे ते दाट होतं. ४० चं एक लिटर पाणी उकळत उकळत पाऊण लिटर झालं, तर आकडा ५३ वर गेला. म्हणजे सुरक्षित पाणी आपणच काळजीपोटी असुरक्षित केलं. बाळासाठी पाणी पुन्हा पुन्हा उकळत ठेवणारी आई जी माया करते, तिच्याच मायेतून हे घडतं, म्हणून मी हा मुद्दा प्रत्येक ठिकाणी आधी सांगतो. जंतूंसाठी उकळायचं असेल तर झाकण ठेवून, खळखळून एक उकळी आली की एक मिनिटाने उतरवा. तेच पाणी परत उकळू नका.

आंघोळ, कपडे, भांडी यांना हे पाणी चालतं, नायट्रेट कातडीतून शिरत नाही. बाळ आंघोळीचं पाणी पिणार नाही एवढं पाहा. स्वयंपाकात जे पाणी पदार्थातच मुरतं किंवा आटतं, ते प्यायल्यासारखंच धरा.

पाणीपुरवठा करणाऱ्यांना लगेच कळवा आणि त्याच जागेवरून फेरतपासणी मागा. अमेरिकेत मर्यादा ओलांडली की २४ तासांत दुसरा नमुना घ्यावा लागतो आणि लोकांना २४ तासांत जाहीर सूचना द्यावी लागते. तुमच्याकडे नियम काहीही असो, ही मागणी रास्त आहे.

कोणतं यंत्र काय करतं

साधी जाळी, सिरॅमिक कांडी, कोळशाचा फिल्टर, अतिनील दिवा, क्लोरीन, तुरटी: यांतलं काहीच नायट्रेट काढत नाही. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं, ते तुरटीने खाली बसत नाही. जडपणा घालवणारं सॉफ्टनरही कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतं, नायट्रेट सोडून देतं. पाणी स्वच्छ झाल्यासारखं दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो, हा या यंत्रांचा खरा धोका.

घरात चालणारे उपाय तीन: आरओ, ऊर्ध्वपातन (पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड करणं) आणि ऋणभारित आयन, म्हणजे नायट्रेटसारखे विद्युतभार असलेले कण, धरणारं रेझिन (बारीक कृत्रिम मणी).

आरओ सर्वांत सोयीचं. पण आरओचा पडदा इतर क्षारांपेक्षा नायट्रेटला जरा कमी अडवतो. चांगल्या दाबाचं, नवं मेम्ब्रेन नव्वद टक्क्यांच्या आसपास काढतं. दाब कमी किंवा मेम्ब्रेन जुनं असेल तर टक्केवारी घसरते. १२० चं पाणी साठ टक्केच साफ झालं तर पेल्यात ४८ उरले. त्यामुळे आत जाणारं आणि बाहेर येणारं, दोन्ही पाणी तपासा. आणखी एक बारीक गोष्ट: अनेक घरगुती यंत्रांत चव सुधारायला टीडीएसचा एक स्क्रू असतो. तो सैल केला की कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं. नायट्रेट असलेल्या घरात हा स्क्रू पूर्ण बंद हवा. यंत्र बसवणारा माणूस पाणी गोड लागावं म्हणून तो उघडतो, त्याच्या मनात वाईट काही नसतं, पण त्यातून नायट्रेट सरळ पेल्यात येतं. फेकलं जाणारं पाणी जास्त नायट्रेटचं असतं. फरशी धुवायला, झाडांना घाला, पिण्यासाठी कुठेच वापरू नका.

रेझिन नायट्रेट धरून बदल्यात क्लोराइड सोडतं. साध्या रेझिनला मात्र नायट्रेटपेक्षा सल्फेट जास्त आवडतं. ते भरत आलं की येणारं सल्फेट आधी धरलेल्या नायट्रेटला हुसकून लावतं आणि मग बाहेर येणारं पाणी आत जाणाऱ्या पाण्यापेक्षाही वाईट होतं. म्हणून मिठाच्या पाण्याने वेळेवर धुणं आणि नायट्रेटसाठी बनवलेलं खास रेझिन वापरणं आवश्यक आहे. जिथे कुणी नियमाने लक्ष ठेवणार नाही, तिथे मी हे सुचवत नाही.

नायट्रेट येतं कुठून

उपायांवर खर्च करण्याआधी कारण शोधा. मुख्य वाटा तीन: शेतात घातलेलं खत, जनावरांचं शेण-मूत आणि माणसांचं सांडपाणी. पिकाने न घेतलेला नायट्रोजन मातीतल्या जिवाणूंकडून नायट्रेट होतो. मातीचे कणही ऋणभारित आणि नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी खाली जाईल तसं तेही जातं.

किती खत जास्त झालं म्हणजे पाणी बिघडतं, हे एका हिशेबात दिसतं. एका हेक्टरात वर्षाला २०० मिलिमीटर पाणी मुरतं असं धरा. म्हणजे २,००० घनमीटर. त्याच हेक्टरातून २० किलो नायट्रोजन निसटला तर प्रत्येक लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रोजन झाला, म्हणजे नायट्रेट ४४. हेक्टरमागे अवघे वीस किलो! शेतकऱ्याला ते निष्काळजीपणाचं वाटणारही नाही, तरी भूजल मर्यादेच्या काठावर जातं.

स्रोत ओळखायला आजूबाजूला फिरा. विहिरीच्या चढावर काय आहे? सेप्टिक टँक, शोषखड्डा, शेणाचा ढीग, खताचं गोदाम? विहिरीचा कठडा फुटका आहे का, बोअरच्या केसिंगभोवती पावसाचं पाणी साचतं का? नायट्रेटसोबत क्लोराइड वाढलेलं आणि आतड्यातले जिवाणू सापडले तर सांडपाण्याचा किंवा शेणाचा संशय घ्या. नायट्रेट एकटंच जास्त आणि आजूबाजूला शेती असेल तर खताचा. वाद असेल आणि पैसा असेल तर नायट्रोजन व ऑक्सिजनच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) तपासणी होते. रासायनिक खत आणि मलमूत्र यांतला फरक त्यातून बराच उलगडतो.

योजनेच्या पातळीवर

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्रोत बदलणं. उथळ थर बंद करून खोल थरातून पाणी घेतलं तर बऱ्याचदा आकडा उतरतो. प्राणवायू नसलेल्या खोल थरांत जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. पण खोल पाण्यात फ्लोराइड, आर्सेनिक, लोह असू शकतं, ते तपासल्याशिवाय वळू नका.

दुसरा उपाय मिश्रण. ७० ची विहीर आणि २० चा दुसरा स्रोत असेल, तर ४० भाग विहिरीचे आणि ६० भाग दुसऱ्याचे घेतले की मिश्रण ४० होतं. कागदावर सोपं, प्रत्यक्षात पंप बंद पडतो, वीज जाते आणि तासभर नुसतं ७० चं पाणी वाहतं. मिश्रण टाकीत नीट व्हायला हवं आणि टाकीतून निघणाऱ्या पाण्याची रोज नोंद हवी.

त्यापुढे आयन विनिमय (वर सांगितलेलं रेझिन, मोठ्या प्रमाणावर), आरओ, विद्युत अपोहन (विजेच्या जोरावर पडद्यातून क्षार वेगळे करणं) किंवा जिवाणूंच्या मदतीने नायट्रेटचा वायू करणारं संयंत्र. पहिल्या तिघांत नायट्रेट नाहीसं होत नाही, दाट खाऱ्या पाण्याच्या रूपात उरतं. ते कुठे टाकणार, हा प्रश्न निविदेआधी विचारा. तेच नदीत सोडलं तर खालच्या गावाला पोहोचवलं, एवढंच.

अमेरिकेतल्या डेमॉइन शहराने नद्यांतल्या नायट्रेटमुळे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मोठं आयन विनिमय केंद्र उभारलं. तरी २०२५ च्या जूनमध्ये नदीतलं नायट्रेट इतकं वाढलं की मागणी कमी करायला लोकांना हिरवळीवर पाणी मारायला बंदी करावी लागली. केंद्र किती पाणी साफ करू शकतं याला मर्यादा असते. जर्मनीतल्या म्युनिक शहराने दुसरी वाट धरली: १९९२ पासून, जिथून शहराचं पाणी येतं त्या मांगफाल खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीकडे वळायला शहराने मदत दिली. पाणी साफ करण्याऐवजी ते बिघडूच दिलं नाही. डेन्मार्कनेही १९८७ पासून राष्ट्रीय कृती आराखड्यांतून शेतीतून निसटणारा नायट्रोजन कमी केला.

जमिनीवर काय करता येतं ते फार अवघड नाही. खत एकदम न टाकता पिकाच्या भुकेप्रमाणे हप्त्यांत द्यावं आणि जोरदार पावसाच्या तोंडावर देऊ नये. मातीची तपासणी करून मात्रा ठरवावी. पीक निघाल्यावर जमीन उघडी न ठेवता आच्छादन पीक घ्यावं, म्हणजे उरलेला नायट्रोजन मुळं उचलतात. शेणखताचा ढीग पक्क्या तळावर आणि छताखाली असावा. गळकं सेप्टिक टँक दुरुस्त व्हावं, बोअरच्या केसिंगभोवती सिमेंटची भराई आणि उताराचा ओटा असावा.

हे सगळं केल्यावर पुढच्या वर्षी आकडा उतरला नाही म्हणून खचू नका. भूजल हळू चालतं. आज नळाला येणारं नायट्रेट कित्येक ठिकाणी दहा-वीस वर्षांपूर्वीच्या शेताचं असतं. फुटक्या कठड्यातून किंवा जवळच्या शोषखड्ड्यातून येणारं मात्र काही महिन्यांत कमी झालेलं दिसतं. तोवर बाळांसाठीचं पाणी वेगळं ठेवा, आणि एका वहीत प्रत्येक तपासणीची एक ओळ लिहा: तारीख, ठिकाण, नायट्रेट, नायट्राइट, आकडा कशाच्या रूपात आहे आणि त्याआधी पाऊस कधी झाला.